शिराझ : बाटलीतून आलेले नाव, मुरमात रुजलेली वेल

१/२५
नोव्हेंबर १६१५. स्थळ बुऱ्हाणपूर. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा वकील सर थॉमस रो जहांगीर बादशहाच्या भेटीला निघाला होता. वाटेत तो शाहजादा परवेझच्या दरबारात थांबला. त्याने दिलेल्या नजराण्यांत मद्याच्या बाटल्यांची एक पेटी होती. दरबार आटोपल्यावर आत खासगीत भेटू, असे शाहजाद्याने त्याला सांगितले. रो ताटकळत राहिला, पण बोलावणे आलेच नाही. त्याच पेटीतील मद्य पिऊन शाहजादा भेटण्याच्या स्थितीत उरला नव्हता, अशी नोंद रोने आपल्या रोजनिशीत केली आहे.

२/२५
हे बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात, बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर सीमेला लागून आहे. येथून दक्षिणेकडे निघणाऱ्या फौजांची एक प्रमुख वाट रोहणखेडच्या घाटाने वर चढत असे. रोहणखेड आज बुलढाणा जिल्ह्यात मोडते. १४३७ आणि १५९० या दोन्ही साली येथे मोठ्या लढाया झाल्या, त्या या वाटेच्या महत्त्वामुळेच. वऱ्हाडच्या या टोकाला द्राक्षाच्या मद्याची पहिली ओळख झाली ती शेतातून नव्हे, तर छावणीतून आणि बंद बाटलीतून.

३/२५
आज नाशिकच्या वाइनच्या बाटल्यांवर 'शिराझ' हे नाव सर्रास दिसते. हे नाव दख्खनमध्ये दोनदा आले. सतराव्या शतकात ते इराणहून बाटलीवर आले आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातून निघालेल्या कलमावर. या दोन आगमनांमध्ये काय घडले आणि नाशिकइतक्याच उंचीवर, तशाच खडकावर व मुरमावर वसलेल्या बुलढाण्याच्या पठारावर ही वेल का पसरली नाही, याचा शोध या धाग्यात घेऊ.

४/२५
प्रथम छावणी. अकबराचा मुलगा शाहजादा मुराद दख्खनच्या मोहिमेवर आला. चांदबीबीने लढवलेला अहमदनगरचा किल्ला त्याला घेता आला नाही, पण १५९६ च्या तहात वऱ्हाड मोगलांकडे गेले. शेगावपासून जवळच असलेल्या बाळापूरजवळ त्याने शाहपूर नावाचे ठाणे वसवले. १५९९ मध्ये पूर्णेच्या काठी, दौलताबादच्या वाटेवर तो वारला. वय तिशीच्या आत, आणि कारण अतिरेकी मद्यपान.

५/२५
त्याच्या जागी दख्खनमध्ये आलेला धाकटा भाऊ दानियाल याचीही गत तीच झाली. अकबराने त्याच्याभोवती पहारे बसवून मद्य बंद केले. तेव्हा एका सेवकाने बंदुकीच्या नळीत दारू भरून ती आत नेली. नळीतील गंज व दारूचे अवशेष त्या मद्यात मिसळले आणि ते पिऊन शाहजादा अंथरुणाला खिळला, तो उठलाच नाही. ही हकीकत जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात दिली आहे. पुढे १६२६ मध्ये परवेझही बुऱ्हाणपुरातच गेला, आणि त्याच्याही मृत्यूचे कारण मद्यच सांगितले जाते.

६/२५
स्वतः जहांगीर या बाबतीत भावांहून वेगळा नव्हता. द्राक्षाच्या मद्याने नशा चढेनाशी झाली, तेव्हा आपण अर्काकडे वळलो आणि दुहेरी गाळलेल्या अर्काचे दिवसरात्रीत मिळून वीस पेले घेऊ लागलो, असे त्याने मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. इतिहासाच्या दृष्टीने ही कबुली महत्त्वाची ठरते. द्राक्षाचे आंबवलेले मद्य आणि भट्टीवर गाळलेली कडक दारू या दोन भिन्न वस्तू आहेत, याची त्या काळच्या पिणाऱ्यांना पूर्ण जाण होती. पुढे कायद्याने आणि समाजाने हा फरक पुसून टाकला.

७/२५
मोगल अमिरांना द्राक्षाचे मद्य मिळे कोठून? फ्रेंच वैद्य व प्रवासी फ्रान्स्वा बर्निये याने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचा मार्गच नोंदवला आहे. दिल्लीत मिळणारे मद्य दोन प्रकारचे, एक शिराझचे आणि दुसरे कॅनरी बेटांचे. शिराझचे मद्य इराणातून खुष्कीने बंदर अब्बासला येई, तेथून जहाजाने सुरतेला आणि सुरतेहून ४६ दिवसांत दिल्लीला. किंमत इतकी की, ती ऐकूनच चव जावी, अशा आशयाची टिप्पणीही त्याने केली आहे.

८/२५
शिराझ हे इराणच्या फार्स प्रांतातील शहर. तेथील मद्यनिर्मितीत ज्यू आणि आर्मेनियन लोकांचा मोठा वाटा होता. सुरतेच्या इंग्रज वखारीतील मेजावर इराणी मद्य ही नेहमीची गोष्ट होती. म्हणजे सतराव्या शतकातील 'शिराझ' हे द्राक्षाच्या जातीचे नाव नव्हते. पैठणी म्हटले की पैठण आठवावे, तसे ते गावाचे नाव होते. पिणाऱ्याला वेल कोणती, याच्याशी कर्तव्य नव्हते.

९/२५
दख्खनमध्ये तेव्हा द्राक्षे नव्हती असे नाही. चौदाव्या शतकात दौलताबादला आलेल्या इब्न बतूताने तेथील द्राक्षांचा आणि डाळिंबांचा मुद्दाम उल्लेख केला असून ती वर्षातून दोनदा येतात, असे म्हटले आहे. गोवळकोंड्यास डच व इंग्रजांच्या घरी आपण प्यालेले मद्य चवीला वाईट नव्हते, असे बर्नियेही सांगतो. फळ होते आणि मद्य बनवण्याची विद्याही परकीयांच्या घरांत का होईना, होती.

१०/२५
तरीही येथे वाइनची शेती उभी राहिली नाही. पिणारा वर्ग मूठभर आणि श्रीमंत होता. त्याला समुद्रापलीकडची बाटली परवडत होती, शिवाय तीत प्रतिष्ठाही होती. राज्यकर्त्यांच्या धर्मशास्त्रानुसार मद्य निषिद्ध असल्याने उघड उत्पादनाला राजाश्रय मिळणे कठीण होते. आणि रयतेची दारू वेगळीच, ती मोहाची किंवा शिंदीची. मोह जंगलात आपोआप फुलतो, त्याला ना मांडव लागतो ना पाणी. द्राक्षाचे मद्य करण्यासाठी वेल लावणाऱ्या शेतकऱ्याला गिऱ्हाईकच नव्हते.

११/२५
आता जमिनीकडे वळू. बुलढाणा जिल्ह्यात आजही माणसाची ओळख 'घाटावरचा' की 'घाटाखालचा' अशी विचारली जाते. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद हा पूर्णेच्या खोऱ्याचा खोल काळ्या मातीचा प्रदेश आहे. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हे पठार पसरले आहे. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे, तर नाशिक सुमारे ६०० मीटरवर. दोन्हीकडे खडक एकच, तो म्हणजे दख्खनच्या लाव्हारसाचा बेसाल्ट.

१२/२५
हा खडक झिजून जी भरड, खडेदार माती होते तिलाच आपण मुरूम म्हणतो. काळी माती पाणी धरून ठेवते, पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मुरमाड जमिनीतून पाणी झटकन निघून जाते. कापसाला काळी माती मानवते. वाइनच्या द्राक्षाला मात्र पायाशी साचलेले पाणी सोसत नाही. मुळे खोल जातात, पाल्याचा माज आटोक्यात राहतो, मणी लहान होतात आणि लहान मण्यात रसाच्या मानाने साल अधिक असते. लाल वाइनचा रंग व तुरटपणा सालीतूनच उतरतो.

१३/२५
जगाच्या पाठीवर याची उदाहरणे आहेत. फ्रान्समध्ये ऱ्होन नदीकाठची एर्मिताज टेकडी ग्रॅनाइटच्या आणि गोट्यांच्या जमिनीवर उभी आहे. सिरा या द्राक्षाची कीर्ती मुख्यतः तिच्यामुळे झाली. न्यूझीलंडच्या हॉक्स बे भागात १८६७ च्या पुराने नदीचे पात्र सरकले आणि मागे उरला तो निव्वळ गोटाळ पट्टा. शेतकऱ्यांच्या लेखी ती निकामी जमीन होती. खडी काढण्यापलीकडे तिचा उपयोग नाही, असे मानले जाई. आज गिम्ब्लेट ग्रॅव्हल्स या नावाने तोच पट्टा सिरा व इतर लाल वाइनसाठी ओळखला जातो, कारण गोटे दिवसाची ऊब धरून ठेवतात.

१४/२५
'सिरा' आणि 'शिराझ' ही एकाच द्राक्षाची दोन नावे. नावाच्या साम्यावरून एक आख्यायिका फार काळ प्रचलित होती. धर्मयुद्धावरून परतलेला गास्पार द स्तेरिंबेर हा सरदार तेराव्या शतकात एर्मिताज टेकडीवर एकांतवासात राहिला आणि त्याने पूर्वेकडून, थेट शिराझहून, ही वेल आणली, अशी ती कथा. ती सांगताना अनेकांना इराण ते फ्रान्स आणि फ्रान्स ते नाशिक असे वर्तुळ पुरे झाल्यासारखे वाटते.

१५/२५
१९९० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील कॅरोल मेरेडिथ आणि फ्रान्समधील मोंपेलिए येथील संशोधक यांनी डीएनए चाचणीने हा प्रश्न निकालात काढला. सिराचे आईबाप दोन्ही फ्रेंच निघाले. एक दुरेझा ही आर्देश भागातील काळी जात, दुसरी मोंद्योझ ब्लांश ही सावॉय भागातील पांढरी जात. इराणशी संबंध शून्य. म्हणजे जहांगीरच्या काळातील शिराझचे मद्य आणि आजच्या नाशिकचे शिराझ यांत नावाखेरीज काहीही समान नाही.

१६/२५
मग हे नाव फ्रेंच वेलीला चिकटले कसे? जेम्स बझ्बी नावाच्या गृहस्थाने १८३१ मध्ये युरोपभर फिरून शेकडो जातींची द्राक्षकलमे गोळा केली आणि ती १८३२ मध्ये सिडनीला पोहोचली. त्यांत एर्मिताजचे हे द्राक्षही होते. ऑस्ट्रेलियात त्याच्या नावाची निरनिराळी रूपे प्रचारात आली आणि अखेर 'शिराझ' रूढ झाले. भारतीय उत्पादकांनी पुढे आपल्या बाटल्यांवर बहुतांशी हेच ऑस्ट्रेलियन नाव घेतले. फार्सचे शहर अशा रीतीने मुरमावर आले, तेही दक्षिण गोलार्धाला वळसा घालून.

१७/२५
दरम्यान वऱ्हाडात वेगळेच पीक राज्य करीत होते. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले. अमेरिकेतील यादवी युद्धाने कापसाचे भाव आकाशाला भिडवले, खामगावची बाजारपेठ भरभराटीला आली आणि १८७० मध्ये जलंब ते खामगाव असा रेल्वेचा फाटा खास कापसासाठी पडला. जमीन, कर्ज, रेल्वे, बाजार सारे काही कापसाभोवती गुंफले गेले. ज्या जमिनीत कापूस जोमाने येत नाही ती मुरमाड जमीन साहजिकच 'हलकी' ठरली. शेताची प्रतवारी ही मातीइतकीच बाजाराचीही भाषा असते.

१८/२५
स्वातंत्र्यानंतर आणखी एक भिंत उभी राहिली. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात दारूबंदीचे उद्दिष्ट आले. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. विदर्भ १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. महाराष्ट्रात वाइन बनवण्याचा परवाना आजही या दारूबंदी कायद्याखालीच मिळतो. जहांगीरला ठाऊक असलेला द्राक्षमद्य आणि अर्क यांतला भेद या कायद्याच्या चौकटीत गौण ठरला. पिकवणारा शेतकरी आणि गाळणारा भट्टीवाला एकाच दारातून आत येऊ लागले.

१९/२५
या चौकटीतच १९८० च्या दशकात नारायणगावजवळ श्यामराव चौगुले यांनी फेसाळ वाइनचा कारखाना उभारला. परदेशात गेलेल्या त्या वाइनचे नाव 'ओमर खय्याम'. पुन्हा इराणच! १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात राजीव सामंत यांनी नाशिकजवळ, गंगापूर धरणाच्या परिसरात सुला वाइनयार्ड्सची लागवड केली आणि २००० मध्ये त्यांची पहिली वाइन बाजारात आली. सुरुवात पांढऱ्या वाइनने झाली. शिराझ आणि कॅबर्ने सोव्हिन्यो ही लाल द्राक्षे पुढे नाशिकच्या मांडणीत रुळली.

२०/२५
ही वेल आणि दख्खनचे हवामान यांचा मेळ घालणे सोपे नव्हते. युरोपात बर्फाळ हिवाळ्यात वेल झोपते. येथे ती झोपतच नाही, इब्न बतूताला दिसलेली वर्षातील दोन पिके त्यामुळेच. म्हणून महाराष्ट्रातील बागाईतदार तिला दोनदा छाटतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करून काडी तयार केली जाते आणि पावसाळा ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, फळछाटणी होते. घड हिवाळ्यात भरतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणीला येतात. शिराझला ऊन मानवते, पण मार्चचा उन्हाळा चढला की साखर झपाट्याने वाढते, आम्लता उतरते आणि मणी सुकू लागतो. तोडणीचे दिवस हातच्या बोटांवर मोजावे लागतात.

२१/२५
२००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणले. उत्पादन शुल्कात दहा वर्षांची सूट मिळाली, परवान्याची वाट सुलभ झाली, नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क उभे राहिले. बोटांवर मोजता येणाऱ्या वायनऱ्या दशकाअखेरीस साठावर गेल्या. नाशिक, सांगली, पुणे, सोलापूर यांच्या मागोमाग उस्मानाबाद, लातूर आणि बुलढाणा ही नावेही वाइननिर्मितीच्या नोंदींत उमटली. याच दशकात, २००६ मध्ये, शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचे मदत पॅकेज जाहीर झाले. त्या सहांतही बुलढाणा होता. कापसाला पर्याय शोधणाऱ्याच्या दृष्टीने वाइन ही चैनीची वस्तू नव्हती, ती सुटकेची एक वाट होती.

२२/२५
ती वाट लवकरच अडली. २००८ ची जागतिक मंदी, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मुंबईवर झालेला हल्ला, पर्यटनातील घसरण आणि मागणीपेक्षा जास्त झालेले उत्पादन यांचा मार एकाच वेळी बसला. वायनऱ्यांच्या टाक्या भरलेल्या राहिल्या, खरेदी थांबली, अनेक शेतकऱ्यांची देणी थकली. येथे वाइनच्या द्राक्षाचा स्वभाव घातक ठरतो. थॉमसन किंवा सोनाका वायनरीने नाकारले तर बाजारात विकता येते, त्याचा बेदाणा करता येतो. शिराझचा मणी बारीक, जाड सालीचा, बियांचा. तो खाण्यासाठी कोणी घेत नाही. वेल धरायला तीन वर्षे लागलेल्या बागा शेतकऱ्यांनी कुऱ्हाडीने तोडल्या, किंवा त्याच खुंटावर खाण्याच्या जातीचे कलम बांधले.

२३/२५
नाशिक त्यातून सावरले, ते मुरमाच्या जोरावर नव्हे. तेथे गोदावरीच्या खोऱ्यात धरणांचे पाणी होते, दोनदा छाटणीचे कसब पिढीजात होते, १९६० च्या दशकापासून संघटित झालेले बागाईतदार होते आणि काही तासांवर मुंबईचे गिऱ्हाईक होते. बुलढाण्याकडे यांतले काय होते? घाटाखाली खारपाणपट्टा, जेथील भूजल क्षारयुक्त असल्याने द्राक्षवेलीला पोषक नाही. घाटावर मुरूम चांगला, पण पाण्याचा साठा अपुरा. वि. म. दांडेकर समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक असमतोलाचा हिशेब मांडला. त्यानंतर दशके उलटली, तरी सिंचनाच्या अनुशेषाची चर्चा निघाली की अमरावती, अकोला, वाशीम यांच्या जोडीला बुलढाण्याचे नाव येतच राहिले.

२४/२५
पाण्याने काय बदलते याचा दाखला सिंदखेड राजापासून फार दूर नाही. शेजारच्या जालना जिल्ह्यातील कडवंची या गावात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात पाणलोटाचे काम झाले, पुढे शेततळी झाली आणि कोरडवाहू गाव द्राक्षाचे गाव म्हणून ओळखले जाऊ लागले. तीच माळरानी जमीन, तेच ऊन. तेथील द्राक्ष मात्र खाण्याचे आहे, वाइनचे नाही, आणि ही निवड शहाणपणाची आहे. खाण्याच्या द्राक्षाला शंभर गिऱ्हाईके असतात, वाइनच्या द्राक्षाला बहुधा एकच. २७ जानेवारी २०२२ रोजी १०० चौरस मीटरहून मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा शेतकऱ्याचे हित हेच कारण पुढे केले गेले. विरोध उसळला आणि निर्णय अमलात आला नाही. वाइन हा शेतमाल की दारू, हा प्रश्न अजून तसाच उभा आहे.

२५/२५
बुलढाण्याच्या पठारावर उद्या कोणी शिराझ लावायचे म्हटले, तर मुरूम त्याला आड येणार नाही. त्याने आधी पाहावे ते शेततळ्यातील एप्रिलचे पाणी, करारावरची वर्षे आणि दर, आणि वायनरीचे अंतर. सतराव्या शतकात शिराझची बाटली सुरतेहून दिल्लीपर्यंत ४६ दिवस वाट चालू शकली, कारण तिचा धनी अमीर होता आणि द्राक्षे इराणातच चिरडली गेली होती. मार्चच्या उन्हात तोडलेली क्रेट ४६ तासही थांबत नाही. तो एवढासा काळ शेतकऱ्याला कोण निभावून नेतो, यावर दख्खनमधील या वेलीचे भवितव्य ठरत आले आहे.

(समाप्त)